जुना लॅपटॉप आणि घरचे फोटो: सर्व्हर उभारणीच्या नोंदी

घरीच जुन्या लॅपटॉपचा सर्व्हर, म्हणजे घरातल्या बाकीच्या उपकरणांसाठी सतत चालू राहणारं मशीन, उभा करायचा विचार असणाऱ्यांसाठी या नोंदी. कामं तीन. घरातल्या तीन फोनचे फोटो ऑनलाइन खात्यातून उतरवून स्वतःच्या डिस्कवर आणायचे. घरभरच्या जाहिराती आणि माग काढणारे पत्ते अडवायचे. आणि बाहेर असताना हे सगळं हाताशी असावं, पण राउटरचं एकही पोर्ट (बाहेरून आत यायची वाट) उघडं नसावं. सामान: अकरा वर्षांचा लॅपटॉप, ४ जीबी रॅम, १२० जीबी एसएसडी आणि दोन यूएसबी डिस्क, एक १ टीबीची, एक जुनी ५०० जीबीची. चुका जशा झाल्या तशाच लिहिल्यात. सगळ्यात मोठी २ नोव्हेंबरला आहे; वेळ नसेल तर तेवढीच वाचा.

६ सप्टेंबर २०२५, शनिवार

लॅपटॉप साफ करायला खालचं झाकण उघडलं तर बॅटरी फुगलेली. काढून बाजूला ठेवली, घरच्या कचऱ्यात न टाकता ई-कचऱ्यात दिली. लॅपटॉपचा सर्व्हर केला की यूपीएस फुकट मिळतो म्हणतात, आमचा पहिल्या तासातच गेला. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

डेबियन १३ (लिनक्सचा एक प्रकार) टाकलं, ऑगस्टमध्येच आलेलं. डेस्कटॉप नको, फक्त एसएसएच, म्हणजे दुसऱ्या कॉम्प्युटरवरून कमांड द्यायची सोय. इन्स्टॉल करताना रूटचा, म्हणजे सर्वाधिकारी खात्याचा, पासवर्ड विचारतात तिथे इमानदारीने पासवर्ड दिला. तीच चूक. ती जागा रिकामी सोडली तर डेबियन सूडो (आपल्या खात्यातून रूटची कामं करायची कमांड) बसवून आपल्याला त्याचा अधिकार देतं, पासवर्ड दिला तर देत नाही. मग ‘एसयू’ करून रूट झालो आणि स्वतःला तो अधिकार द्यायला यूजरमॉड चालवलं, तर कमांडच सापडत नाही म्हणे. तासभर पॅकेज शोधत बसलो. पॅकेज जागेवरच होतं. नुसतं ‘एसयू’ केलं की जुना पाथ, म्हणजे कमांड शोधायच्या फोल्डरांची यादी, राहतो आणि त्यात एसबिन हे फोल्डर नसतं. ‘एसयू’पुढे एक डॅश द्यायचा. एका डॅशसाठी तास.

झाकण मिटलं की मशीन झोपत होतं. लॉगिनडीच्या कॉन्फिगमध्ये ‘हँडललिडस्विच’ला ‘इग्नोर’ दिलं. कर्नलला ‘कन्सोलब्लँक’ ६० सेकंदांवर दिलं, म्हणजे स्क्रीन उगाच जळत राहत नाही. प्लगमधल्या मीटरवर रिकाम्या वेळी ११ वॉट. महिन्याला साधारण ८ युनिट, चालेल.

वेळ ४ तास, त्यातला दीड वाया.

७ सप्टेंबर, रविवार

डिस्कवर काही ठेवण्याआधी स्मार्टसीटीएलने तब्येत बघितली. जुन्या ५०० जीबीच्या डिस्कवर १९७ क्रमांकाची ओळ, म्हणजे वाचता न आल्यामुळे ताटकळलेले सेक्टर: १६. डिस्क वरवर मस्त चालते, फाइल उघडतात, आवाज नाही. तरी बाद. अशा डिस्कवर ‘तात्पुरतं’ ठेवलेलं कायमचंच राहतं, हे मी स्वतःला ओळखून म्हणतोय. २ टीबीची नवी मागवली. १ टीबीच्या डिस्कवर रात्रभर लाँग टेस्ट लावली, स्वच्छ निघाली.

ती एक्स्ट४ (लिनक्सची फाइल ठेवायची पद्धत) करून ‘संग्रह’ नावाच्या फोल्डरवर माउंट केली, म्हणजे डिस्कवरचं सगळं त्या फोल्डरमध्ये दिसू लागलं. एक्स्ट४ आपल्या आकाराच्या ५ टक्के जागा रूटसाठी राखून ठेवतं. सिस्टिमच्या डिस्कवर ते शहाणपणाचं आहे, फोटोंच्या डिस्कवर मात्र ४६ जीबी उगाच अडकतात. ट्यून२एफएसने १ टक्क्यावर आणलं.

एफएसटॅबमध्ये, म्हणजे बूट होताना कोणती डिस्क कुठे माउंट करायची त्या यादीत, डिस्कचं नाव न लिहिता यूयूआयडी (डिस्कचा न बदलणारा ओळख क्रमांक) लिहिला, कारण यूएसबीची जागा बदलली की एसडीबीचं एसडीसी होतं. शिवाय ‘नोफेल’ लावलं. ते नसेल आणि डिस्क जोडलेली नसेल तर मशीन बूट होताना इमर्जन्सी मोडमध्ये अडकतं, मग कीबोर्ड घेऊन धावा. ‘नोफेल’ आठवणीने लावल्याबद्दल त्या रात्री स्वतःवर खूश होतो.

१० सप्टेंबर

ऑनलाइन खात्यातून सगळा ऐवज मागवला होता, तो १० जीबीच्या तीस तुकड्यांत आला. माझ्या मोठ्या कॉम्प्युटरवर उतरवून केबलने सर्व्हरवर ढकलायला लागलो तर वेग सेकंदाला ११ एमबी. आधी डिस्कला दोष दिला, मग एसएसएचच्या एन्क्रिप्शनला, मग लॅपटॉपच्या वयाला. शेवटी ईथटूलने केबलवरचा वेग विचारला: १०० मेगाबिट. दोन्ही बाजूंची पोर्टं गिगाबिटची, मधली केबल जुनी. १०० च्या वेगाला तारांच्या दोन जोड्या पुरतात, गिगाबिटला चारही लागतात. एखादी तुटली की बाकीचं कुणी बोंब मारत नाही, वेग गुपचूप खाली येतो. दुसरी केबल लावली, ८० च्या पुढे गेलं.

१३ आणि १४ सप्टेंबर

झिप सोडवायला सवयीने टीएमपी या तात्पुरत्या फाइलींच्या फोल्डरमध्ये गेलो. मिनिटभरात ‘जागा शिल्लक नाही’. एसएसडीवर ९० जीबी मोकळे दिसतायत! कारण असं की डेबियन १३ मध्ये टीएमपी डिस्कवर नसून रॅममध्ये असतं आणि जास्तीत जास्त निम्मी रॅम घेतं. माझ्याकडे निम्मी म्हणजे जेमतेम २ जीबी. आणखी एक: नव्या इन्स्टॉलमध्ये टीएमपीतल्या १० दिवस जुन्या आणि व्हार-टीएमपीतल्या ३० दिवस जुन्या फाइल आपोआप उडतात. ‘इथे टाकून ठेवू, नंतर बघू’वाल्यांनी सावध राहावं. झिप थेट संग्रहाच्या डिस्कवर सोडवल्या.

खरा त्रास तारखांचा. कॅमेऱ्याने काढलेल्या फोटोंमध्ये तारीख आत असते, तिला धक्का लागत नाही. मेसेजमधून आलेल्या फोटोंमध्ये मात्र आतली तारीख नसते. ती झिपमध्ये फोटोशेजारी आलेल्या जेसॉन या माहितीच्या फाइलमध्ये असते. आईचे निम्म्याहून जास्त फोटो असेच. सोडवल्यावर ते सगळे ‘१३ सप्टेंबर २०२५’ला काढलेले झाले. फोटोच्या आतली माहिती बदलणाऱ्या एक्झिफटूलने जेसॉनमधली वेळ फोटोत भरली, खूश होऊन झोपलो. सकाळी बघतो तर पहाटेचे फोटो आदल्या दिवसात गेलेले. जेसॉनमधली वेळ यूटीसीत, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असते, मी ती तशीच भरली होती. मूळ झिप ठेवल्या होत्या म्हणून पुन्हा पहिल्यापासून करता आलं. संग्रह तपासून होईपर्यंत त्या झिप पुसू नका.

त्या जेसॉन वाचताना एक गोष्ट डोळ्यांत भरली. अक्षांश-रेखांश. घरातल्या पलंगावर झोपलेल्या मांजराच्या फोटोला आमच्या इमारतीचा नेमका ठिपका. फोटोच्या आतही तेच. आता कुणाला मूळ फाइल पाठवायची असेल तर आधी एक्झिफटूलने जीपीएसची माहिती काढतो, त्यासाठी दोन ओळींची स्क्रिप्ट केली आहे.

दोन दिवस मिळून ११ तास. मला वाटलं होतं तीन.

२१ सप्टेंबर

फोनमधले नवे फोटो यायला सिंकथिंग, दोन उपकरणांवरची फोल्डरं सारखी ठेवणारं ॲप. मूळ अँड्रॉइड ॲप डिसेंबर २०२४ मध्ये बंद पडलं, म्हणून सिंकथिंग-फोर्क घेतलं. माझ्या फोनवर लगेच चाललं, आईच्या फोनवर अर्ध्या तासाने मुकं. फोनची बॅटरी बचत ॲपला झोपवते; त्या ॲपपुरती ती बंद केली.

इथे एक गैरसमज वेळेत निघाला, तो ताईमुळे. तिचा फोन भरला होता. सिंक झालेलं बघून तिने फोनमधून दोनशे फोटो उडवले आणि सर्व्हरवरूनही दोनशे गेले. सिंकचा अर्थच तो: इकडे पुसलं की तिकडेही पुसलं. फोनच्या बाजूला ‘फक्त पाठवा’ निवडलं तरी पुसल्याची बातमी जातेच. ताईच्या फोनच्या कचरापेटीत ते होते म्हणून परत आले.

मग रचना बदलली. फोन सिंक होतात ‘आवक’ या फोल्डरशी, तो एसएसडीवर. रोज रात्री दोन वाजता आरसिंक आवकमधलं सगळं ‘संग्रह’मध्ये नक्कल करतं, आणि या आरसिंकला पुसायची परवानगी नाही. फोनवर काहीही उडवा, संग्रहात राहतं. नकोसे फोटोही राहतात, पण ते परवडतं.

२८ सप्टेंबर

पाय-होल. साइटच्या नावावरून पत्ता सांगायचं काम (डीएनएस) हे करतं आणि जाहिरातींचे पत्ते सांगतच नाही. बसवायला वीस मिनिटं, घरच्यांना समजवायला आठवडा. राउटरमध्ये डीएनएससाठी पहिला पत्ता घरच्या सर्व्हरचा दिला आणि ‘असावा एक’ म्हणून दुसरा बाहेरचा सार्वजनिक दिला. निम्म्या जाहिराती सुरूच. दुसरा पत्ता म्हणजे पहिला बंद पडला तरचा राखीव, अशी माझी समजूत. उपकरणं मात्र मनाला येईल तो वापरतात. दुसरा काढला. तरी माझा फोन पाय-होलच्या यादीत दिसेना, कारण अँड्रॉइड ९ पासून ‘प्रायव्हेट डीएनएस’ आहे आणि मीच कधीतरी तिथे एक पत्ता भरून ठेवला होता.

व्हिडिओच्या मधल्या जाहिराती याने थांबत नाहीत. त्या व्हिडिओच्याच पत्त्यावरून येतात. आणि सर्व्हर रीस्टार्ट केला की तेवढा वेळ ‘नेट गेलं’. आता संध्याकाळी रीस्टार्ट करत नाही.

५ ऑक्टोबर

बाहेरून पोहोचण्यासाठी वायरगार्ड, म्हणजे इंटरनेटमधून जाणारा एन्क्रिप्टेड बोगदा. एकही पोर्ट नको ही अट थोडी सैल करून राउटरवर फक्त ५१८२० हे यूडीपी पोर्ट पुढे पाठवू, ते शांत असतं, किल्ली नसलेल्याला उत्तरच देत नाही, असं ठरवलं. दोन तास खटपट, काही म्हणजे काही येईना. शेवटी राउटरच्या पानावर त्याचा बाहेरचा पत्ता बघितला: सुरुवात १००.७४. १००.६४ ते १००.१२७ हा पट्टा सेवा देणाऱ्याच्या आतल्या जाळ्याचा, म्हणजे अनेक घरांना मिळून बाहेरचा एक पत्ता. माझं पोर्ट माझ्या राउटरपर्यंतच उघडं, त्यापुढची भिंत माझी नाही. ही दोन मिनिटांची तपासणी आधी करा.

मग भाड्याचा एक छोटा सर्व्हर मधे घेतला. घरचा सर्व्हर त्याच्याशी स्वतःहून जोडून घेतो, दर २५ सेकंदांनी ‘आहे मी’ म्हणतो, म्हणजे मधल्या राउटरांमधली या जोडणीची नोंद विसरली जात नाही. फोनही त्याच्याशीच जोडतो. घरचं पोर्ट एकही उघडं नाही, सुरुवातीला हट्टाने धरलेली अट शेवटी पाळली गेली.

चूक: घरच्या सर्व्हरवर ‘अलाउडआयपीज’मध्ये (कोणते पत्ते बोगद्यातून जातील ती यादी) कुठूनतरी उचललेलं शून्य-शून्यवालं लिहिलं. त्याचा अर्थ, इंटरनेटकडे जाणारं सगळंच बोगद्यात. पाय-होलचे प्रश्नही बोगद्यात गेले आणि पलीकडे मेले. घरभर ‘नेट गेलं’, तेही रविवारी संध्याकाळी. फक्त वायरगार्डच्या जाळ्याचा पट्टा लिहिला, सुरळीत.

हेही सांगायला हवं की मधल्या सर्व्हरवर वायरगार्डचं पाकीट उघडतं आणि पुन्हा बंद होतं. म्हणून त्यातून जाणारं प्रत्येक काम स्वतःच्या एन्क्रिप्शनने जातं, सिंकथिंग टीएलएसने, बाकी एसएसएचने. भाड्याच्या घरात तिजोरीची किल्ली ठेवायची नाही.

१२ ऑक्टोबर

२ टीबीची डिस्क ‘प्रत’ या फोल्डरवर माउंट. रोज पहाटे चारला आरसिंक संग्रहाची हुबेहूब प्रत करतं. हुबेहूब हवी म्हणून इथे ‘डिलीट’ लावलं, म्हणजे संग्रहात नसलेलं प्रतीतूनही पुसायचं. पहिली प्रत २९० जीबी. संग्रहाने लॅपटॉपचं एकमेव यूएसबी ३ पोर्ट घेतलंय, प्रतीला यूएसबी २ मिळालं, त्यामुळे सेकंदाला ३५ एमबी, अडीच तास.

२६ ऑक्टोबर

दोन आठवडे सगळं नीट. ऑनलाइन खात्यातले फोटो काढून टाकले. जागा लगेच मोकळी व्हावी म्हणून कचरापेटीही स्वतःच्या हाताने रिकामी केली. झिपही पुसल्या.

२ नोव्हेंबर, रविवार

ही नोंद सोमवारी लिहितोय, काल लिहायच्या अवस्थेत नव्हतो.

सकाळी आई म्हणाली, “अरे, तुझ्या त्या ॲपमध्ये लाल काहीतरी येतंय.” सिंकथिंग म्हणत होतं, पुरेशी जागा नाही. एसएसएचने आत गेलो, डिस्कवरची जागा दाखवणारं डीएफ चालवलं. एसएसडी: आकार १०८ जीबी, वापर १०५, शिल्लक ०, १०० टक्के. आणि त्या यादीत १ टीबीची डिस्क नाहीच.

गुरुवारी दुपारी वीज गेली होती. बॅटरी नाही, म्हणून लॅपटॉप बंद पडून वीज आल्यावर पुन्हा सुरू झाला. डिस्कची केबल टेबल पुसताना कधीतरी अर्धी निघालेली. एकदा पक्की दाबली, डिस्क फिरायचा आवाज आला, ‘माउंट’ला ‘-ए’ (एफएसटॅबमधल्या सगळ्या डिस्क) देऊन चालवलं. संग्रह उघडला, वर्षांची फोल्डरं रांगेत दिसली. हुश्श केलं, चहा ठेवला.

चहा उकळताना डोक्यात आलं की तीन दिवस डिस्क नव्हती, मग पहाटे चारची प्रत कशाची झाली?

प्रतीच्या डिस्कवर गेलो. ४८ जीबी. तीन आठवड्यांपूर्वी २९० होते.

झालं ते असं. ‘नोफेल’मुळे मशीन डिस्कशिवाय बिनतक्रार बूट झालं. ‘संग्रह’ हे फोल्डर जागेवर होतं, पण रिकामं. डिस्क बसायची ती नुसती बैठक, एसएसडीवरची. रात्री दोनच्या आरसिंकला वाटलं संग्रहात काहीच नाही, त्याने आवकमधले ४८ जीबी तिथे ओतले. चारच्या आरसिंकने बघितलं की संग्रहात एवढेच ४८ आहेत आणि हुबेहूब प्रत करायची म्हणून बाकीचे २४२ पुसून टाकले. दोन्ही कामं ‘यशस्वी’. लॉगमध्ये एक चूक नाही. ऑनलाइन खातं आठवड्यापूर्वी रिकामं केलेलं. म्हणजे शुक्रवार पहाटेपासून घरातल्या सगळ्या जुन्या फोटोंची एकच प्रत होती, आणि ती अर्धवट निघालेल्या केबलला लटकत होती.

पहिल्यांदा दोन्ही वेळापत्रकं बंद केली. मग संग्रहाला फक्त-वाचा म्हणून पुन्हा माउंट केलं आणि प्रत घ्यायला लावली, यावेळी ‘डिलीट’शिवाय. पुन्हा अडीच तास. तेवढा वेळ टेबलाजवळ कुणाला फिरकू दिलं नाही.

तोवर एसएसडीचं कोडं. संग्रह जागेवर आलाय, तरी एसएसडी १०० टक्केच. फाइलींच्या आकाराची बेरीज करणारं डीयू त्याच डिस्कपुरतं मर्यादित ठेवून चालवलं तर बेरीज ५७. ४८ जीबी कुठेच दिसेनात. पुसलेली पण कुणीतरी उघडी धरलेली फाइल असावी म्हणून एलएसओएफ बघितलं, काही नाही. अर्ध्या तासाने डोक्यात शिरलं: ते ४८ जीबी बैठकीत आहेत आणि त्यांच्यावर खरी डिस्क बसली आहे. खालचं दिसणार कसं? रूट फोल्डरला (एसएसडीवरचं सगळ्यात वरचं; रूट खातं नव्हे) दुसऱ्या फोल्डरवर बाइंड माउंट केलं, म्हणजे तेच दुसऱ्या जागीही दाखवलं. तिथून बघितलं की वर बसलेल्या डिस्क मधे येत नाहीत. सापडले. पुसण्याआधी फोल्डरला नाव दिलं ‘खोटा-संग्रह’, नव्या रिकाम्या ‘संग्रह’वर डिस्क पुन्हा बसवली, प्रत पुरी झाल्याचं तपासलं, मग रात्री खोटा उडवला. चूक झाली तर हात कापू नये म्हणून एवढा सोपस्कार.

वेळ मोजला नाही.

८ नोव्हेंबर, शनिवार

आठवडाभर संध्याकाळी केलेले बदल:

दोन्ही डिस्क उतरवून रिकाम्या बैठकींवर ‘सीएचएटीटीआर’ने अधिक-आय, म्हणजे ‘यात बदल नको’ची खूण, लावलं. आता डिस्क नसताना तिथे रूटलासुद्धा काही लिहिता येत नाही, आणि डिस्क बसवायला अडचण येत नाही. डिस्क उतरवूनच लावा, नाहीतर ते डिस्कच्याच फोल्डरला लागेल; मी एकदा लावून बसलो.

स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत ‘माउंटपॉइंट’ने डिस्क बसली आहे का अशी विचारणा, नकार आला तर तिथेच थांबायचं. सिस्टिमडी (लिनक्समध्ये कामं सुरू करणारी व्यवस्था) हिच्या सर्व्हिसमध्ये ‘रिक्वायर्स-माउंट्स-फॉर’ही लिहिलं, म्हणजे डिस्क नसेल तर काम सुरूच होत नाही. दोन्ही कशाला, असं कुणी विचारेल. शुक्रवार पहाटेची आठवण ताजी आहे.

‘नोफेल’ ठेवलंय. दोष त्याचा नव्हता.

प्रतीसाठी आरसिंक सोडून रेस्टिक घेतलं. ते दर वेळी वेगळा स्नॅपशॉट (त्या क्षणाची प्रत) घेतं; आज संग्रह रिकामा दिसला तर आजचा स्नॅपशॉट रिकामा, कालचा शाबूत. रेस्टिकचा पासवर्ड गेला तर डेटा गेला, दुसरा मार्ग नाही. म्हणून तो कागदावर लिहून कागद सर्व्हरपासून लांब ठेवला.

काम फसलं तर फोनवर सूचना येते. झालं तरी रोज सकाळी एक ओळ येते, किती फाइल, किती जीबी. ती ओळ आली नाही तर बघायचं.

१६ नोव्हेंबर

रेस्टिकची परीक्षा. प्रतीची डिस्क दुसऱ्या कॉम्प्युटरला लावली, कागदावरचा पासवर्ड घातला. चुकीचा! माझ्याच अक्षरातला १ आणि एल. दुसऱ्या प्रयत्नात उघडलं. कागद छापून घेतला, अक्षरं सुटी-सुटी. २०१७ चं फोल्डर परत मिळवलं, एसएचए२५६ची बेरीज (फाइलीच्या आतल्या मजकुराचा जणू ठसा) संग्रहाशी जुळवली, सगळ्या फाइल जुळल्या. आईला त्यातले चार फोटो मोठे करून दाखवले. तिला त्यात काही विशेष वाटलं नाही.

२३ नोव्हेंबर

आणखी एक डिस्क घेऊन त्यावर रेस्टिकची तिसरी प्रत केली आणि ताईकडे नेऊन दिली. एन्क्रिप्टेड आहे, तिच्याकडून हरवली तरी कुणाला काही वाचता येणार नाही.

“हे लावून ठेवायचं का कुठे?” तिने विचारलं.

“नाही गं, कपाटात ठेव. तीन महिन्यांनी येऊन नेतो, नवीन भरून परत आणतो.”

“तू येशील?”

फोनच्या कॅलेंडरमध्ये २३ फेब्रुवारी तिच्यासमोरच टाकली.